मर्ज कॉन्फ्लिक्ट आला की आधी मूळ ओळ बघा

तुमचा प्रश्न असा की नाशिकच्या टीममध्ये कांदा लिलावाच्या हिशोबपट्टीचं अॅप करताय, गिटमध्ये (कोडमधले बदल सांभाळणारं टूल) मेन, म्हणजे सगळ्यांची मुख्य ब्रँच, आपल्या ब्रँचमध्ये (स्वतःच्या कामाच्या वेगळ्या फांदीत) मर्ज केली, कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगवेगळे बदल निघाले, व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'अॅक्सेप्ट इनकमिंग' (समोरचा बदल घ्या) दाबलं आणि तुम्ही टाकलेली हमालीची कपातच उडाली. अजून कमिट केलं नसेल (बदल गिटमध्ये नोंदवले नसतील) तर घाबरू नका, सरळ 'गिट मर्ज --अबॉर्ट' मारा, आधी होतात तिथे परत याल. फक्त मर्ज सुरू करताना काही बदल कमिट न करता पडून असतील तर ते नीट परत येतीलच असं नाही, म्हणून आधी कमिट आणि मगच मर्ज, ही सवय लावूनच घ्या.

आता पुन्हा मर्ज करा, पण कुठलंही बटण दाबायच्या आधी मूळ ओळ बघा. गिट मर्ज करताना तीन गोष्टी ताडून बघतं, तुमची फाइल, समोरची फाइल आणि दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या तिथली जुनी फाइल, पण डीफॉल्टला दाखवतं दोनच. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ3' एकदा मारून ठेवा (2.35 च्या आधीचं गिट असेल तर नुसतं डिफ3), की सात उभ्या रेघांच्या खाली जुनी ओळपण दिसायला लागते.

समजा जुनी ओळ होती 'वजन × भाव'. तुमच्याकडे झाली 'वजन × भाव − हमाली', आणि मेनवर कोणीतरी वजन क्विंटलऐवजी किलोत घ्यायला लागलं म्हणून 'वजन / 100 × भाव'. जुनी ओळ समोर असली की लगेच कळतं, दोघांनी वेगवेगळं काम केलंय आणि दोन्ही हवंय: 'वजन / 100 × भाव − हमाली'. ही ओळ कुठल्याच बटणात नाही, ती हातानेच लिहावी लागते, आणि समोरच्याने का बदललं ते कळत नसेल तर 'गिट लॉग --मर्ज' बघा, नाहीतर सरळ त्याला फोन लावा.

आणि गिटने कॉन्फ्लिक्टच्या जागी टाकलेले सगळे मार्कर (खुणेच्या ओळी) गेले म्हणजे झालं असं अजिबात समजू नका, खरा धोका पुढेच आहे! तुमच्या ब्रँचमध्ये शेतकऱ्याला एसएमएस पाठवणारी नवीन फाइल असेल आणि ती अजून क्विंटल धरून चालत असेल तर तिथे कॉन्फ्लिक्ट येणारच नाही, गिट गुपचूप मर्ज करेल, आणि 20 क्विंटल कांदा 1500 च्या भावाने गेला तर 30,000 ऐवजी 30,00,000 चा मेसेज जाईल. गिट फक्त ओळी बघतं हो, अर्थ नाही. म्हणून कमिटच्या आधी टेस्ट चालवा आणि मेनवर ज्या फंक्शनचा अर्थ बदललाय ते तुमच्या कोडमध्ये कुठे कुठे वापरलंय ते शोधा.

मर्जऐवजी रिबेस (आपले कमिट मेनच्या पुढे पुन्हा रचणं) करत असाल तर 'अवर्स' (आपली बाजू) आणि 'देअर्स' (समोरची बाजू) उलटे होतात, तिथे 'अवर्स' म्हणजे मेन, तेवढं लक्षात ठेवा. पॅकेज-लॉक फाइलमध्ये (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणारं एनपीएम हे टूल आपोआप बनवतं ती नेमक्या आवृत्त्यांची यादी) कॉन्फ्लिक्ट आला तर ती हाताने जुळवत बसू नका, आधी पॅकेज.जेसन नीट करा आणि एनपीएम इन्स्टॉल मारा, तो जुळवून देतो.