धनकोंची 'तडजोड', न्यायाधिकरणाची 'मंजुरी'

प्रश्न असा: 'कर्जात बुडालेली कंपनी आणि तिचे धनको यांच्यातील तडजोडीला न्यायाधिकरणाने मान्यता दिली' या वाक्यात 'तडजोड' बरोबर आहे का? आणि 'मान्यता' की 'मंजुरी'?

तडजोड राजीखुशीची असते. बांधावरून भांडणारे भाऊबंद दोघेही हातभर मागे सरले की तडजोड झाली म्हणतो. एकाने नाही म्हटले की ती मोडली. बुडत्या कंपनीच्या धनकोंचे तसे नाही. तिथे विरोधात मत देणाराही बांधला जातो, आणि हा फरक शब्दात उतरायलाच हवा.

आकडे घेऊन पाहू. कंपनीवर तीन बँकांचे मिळून १०० कोटींचे कर्ज आहे: ५०, ३० आणि २० कोटी. नवा खरेदीदार ४० कोटी देऊ करतो. पहिली आणि तिसरी बँक हो म्हणते, ३० कोटीवाली नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार कर्जाच्या रकमेच्या हिशेबाने ६६ टक्के मते लागतात. इथे ७० पडली, म्हणजे धनकोंच्या समितीत योजना संमत. पुढे न्यायाधिकरणाने कलम ३१ खाली ती मंजूर केली की नाराज बँकेवर, कामगारांवर, थकलेला कर मागणाऱ्या सरकारवरही बंधनकारक. हीच बेरीज कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० मध्ये, म्हणजे कंपनी आणि धनकोंमधल्या तडजोडीच्या कलमात, अडकते. तिथे मत देणाऱ्या धनकोंपैकी निम्म्याहून जास्त डोकी हवीत आणि रकमेने तीन-चतुर्थांश हिस्साही हवा. तीनपैकी दोन डोकी आहेत, पण रक्कम ७५ टक्क्यांना पोचत नाही.

म्हणून संहितेखालच्या कागदाला 'निराकरण योजना' म्हणावे. कलम २३० मध्ये 'तडजोड किंवा व्यवस्था' अशी जोडीच आहे, तेव्हा तिथे 'तडजोड' चालते. खरी चपखल बसते ती मात्र कलम १२अ मध्ये: जुने मालक धनकोंशी बोलून देणे मिटवतात आणि समितीची ९० टक्के मते मिळवून संहितेखालची प्रक्रिया सुरू करणारा अर्ज मागे घेतला जातो.

आता 'मंजुरी'. 'मंजूर' आणि 'नजर' हे एकाच अरबी धातूचे शब्द. 'मंजूर'चा मूळ अर्थ 'पाहिलेले', नजरेखालून गेलेले. न्यायाधिकरण इथे हेच करते. प्रक्रियेचा खर्च आधी फेडला जातो का, माल-सेवा पुरवणाऱ्यांना आणि विरोधी मत देणाऱ्या बँकेला निदान कंपनी अवसायनात निघाली असती, म्हणजे मालमत्ता विकून बंद केली असती, तर मिळाले असते तेवढे मिळते का, कुठल्या कायद्याचा भंग होतो का, एवढे ते पाहते. ४० ऐवजी ५० कोटी द्या, असे मात्र सांगू शकत नाही. रकमेचा निर्णय धनकोंच्या व्यापारी शहाणपणाचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एस्सार स्टील प्रकरणात स्पष्ट केले. 'मान्यता' दिली म्हटले की न्यायाधिकरणाला तो सौदा पटला असा वास येतो. 'मंजुरी'त तपासणी आहे आणि हुकूमही आहे. धनको देतात ती 'संमती', न्यायाधिकरण देते ती 'मंजुरी': ही जोडी पाळली तर वाचकाचा गोंधळ होत नाही.

'न्यायाधिकरणाने ६० कोटी माफ केले' हेही चूक. त्या रकमेवर पाणी सोडले ते धनकोंनी, मतदानाच्या वेळी. आणि अर्ज नुसता दाखल करून घेतला असताना 'कंपनीचे दिवाळे निघाले' लिहू नये. तेव्हा प्रक्रिया जेमतेम सुरू झालेली असते, कारखाना चालू असू शकतो. योजना आलीच नाही किंवा नामंजूर झाली, तर पुढची पायरी 'अवसायन', जो शब्द सहकारी बँकांमुळे आपल्या चांगला ओळखीचा आहे.

तेव्हा मूळ वाक्य असे करा: 'धनकोंच्या समितीने ७० टक्के मतांनी संमत केलेली निराकरण योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली.'