आमच्या छोट्या संस्थेच्या स्वयंसेवकांना ओळखीच्या लोकांकडे देणगी मागायला अवघड जातं, त्यांना मदत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवता, मनापासून येणारे स्वयंसेवक आहेत, पण "आपापल्या ओळखीतून थोडे पैसे जमवूया" म्हटलं की सगळे गप्प होतात आणि ग्रुपवर टाकलेल्या लिंकखाली नुसते नमस्काराचे इमोजी येतात. मी नाशिकमधल्या एका छोट्या संस्थेत हेच काम बघते, मुलींच्या शिक्षणाचं काम आहे आमचं, तर जे डोळ्यांसमोर चालताना बघितलंय तेच सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. माणूस संस्थेला देत नाही हो, जो मागतोय त्याला देतो. तुमच्या स्वयंसेविकेच्या आत्याला तुमचा ट्रस्ट कधी रजिस्टर झाला, किती मुलं आहेत, व्हिजन काय आहे यात फारसा रस नसतो, तिला एवढंच जाणून घ्यायचं असतं की आपली भाची दर शनिवारी घरातलं सगळं सोडून तिथे का जाते. आणि आपण नेमकं तेच सांगत नाही, आपण भाचीच्या हातात एक छापील पोस्टर आणि लिंक देतो आणि म्हणतो फॉरवर्ड कर. मग ती ते फॉरवर्ड करते, आत्या हात जोडते, विषय संपतो.

म्हणून पहिलं काम तुमचं आहे, स्वयंसेवकांचं नाही. प्रत्येकाबरोबर वेगळं बसा, अर्धा तास पुरतो, चहा घ्या आणि विचारा की तू इथे का येतोस, इथलं काय बघून तुला बरं वाटलं. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. "सातवीतली एक मुलगी आधी भागाकार आला की वही मिटायची, आता स्वतःहून गणितं मागते" असं काहीतरी निघतं. हेच त्याचं आवाहन. "समाजातील वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी" वगैरे भाषा त्यात घुसू देऊ नका, त्या भाषेत कोणी आपल्या मावसभावाशी बोलत नाही आणि बोललं की समोरच्याला लगेच कळतं की हे कोणीतरी लिहून दिलंय.

त्याच बैठकीत नावांची यादी करा. "माझ्या ओळखीचं कोणी देणारं नाही" हे प्रत्येकजण म्हणतो. तेव्हा फोन हातात घ्यायला लावा आणि कॉन्टॅक्ट्समधून, अलीकडच्या कॉल्समधून एकेक नाव बघत खाली जा. सख्खे-चुलत, दहावीची बॅच, कॉलेजचे, जुन्या ऑफिसमधले, सोसायटीतले, ट्रेकला येणारे, भिशीतल्या मैत्रिणी. सुरुवातीला दहा-बारा नावं बास. त्यातली पहिली तीन-चार अशी हवीत की जी नाही म्हणणारच नाहीत, भाऊ, जिवलग मैत्रीण, आई, कारण पहिला होकार मिळाला की पुढच्या फोनला आवाज बदलतो. आणि त्याच्याही आधी स्वयंसेवकाने स्वतःचे टाकायचे, शंभर का असेनात. "मी दिलेत, तूही दे" हे म्हणणं फार सोपं जातं, आणि फंडरेझिंग पेजवर आकडा शून्य दिसत असला की पहिला कोणालाच व्हायचं नसतं.

ही यादी करताना कोणाकडे मागायचं नाही हेही स्पष्ट सांगा, ह्यावर मी फार ठाम आहे. हाताखाली काम करणारी माणसं, घरी कामाला येणाऱ्या ताई, आपल्याकडे ट्यूशनला येणाऱ्यांचे पालक, ज्यांना नाही म्हणायची सोय नाही अशा कोणाहीकडे नाही.

आता मागायचं कसं. रक्कम सांगायची, ती एका ठोस गोष्टीला जोडायची. "जमेल तेवढं द्या" हे आपल्याला नम्र वाटतं पण समोरच्याला कोड्यात टाकतं, शंभर दिले तर कमी दिसतील का, पाच हजार जास्त होतील का, मग तो विचार करतो आणि विचार करता करता विसरतो. त्यापेक्षा तुमच्या अभ्यासिकेचा खरा खर्च काढा, एका मुलाच्या वर्षाच्या वह्या किती, खोलीचं महिन्याचं भाडं किती, लाइटबिल किती, आणि त्यातला एक आकडा मागा. ही युक्ती आपल्याकडे नवीन नाहीये. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, मागणी काय तर फक्त एक पैसा, आणि त्या पैशा-पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंडही तसाच, घरटी मूठभर धान्य. मागणी इतकी साधी आणि ठरलेली की मागणाऱ्यालाही संकोच नाही आणि देणाऱ्यालाही हिशोब करावा लागत नाही.

मेसेज नात्याप्रमाणे वेगळा हवा, एकच मजकूर सगळ्यांना चालत नाही. मैत्रिणीला असं: "अगं, मी शनिवारी त्या अभ्यासिकेत जाते ना, तिथल्या मुलांच्या वर्षभराच्या वह्यांचे पैसे जमवतेय, एका मुलाचे ६०० होतात, मी दोघांचे दिलेत, तू एकाचे देशील का? नाही जमलं तरी काही नाही, मोकळेपणाने सांग." काकांना मात्र आधी फोन, तब्येतीची चौकशी, मग: "काका, तुम्ही मला दहावीला गणित शिकवायचात तसंच मी आता काही मुलांना शिकवतेय, त्यांच्यासाठी थोडी मदत मागायची होती, तुम्ही १२०० रुपये देऊ शकाल का?" (हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही काढा.) शेवटी प्रश्नचिन्ह पाहिजे. आपल्याकडे मंडळी सगळं सांगतात आणि शेवटी "तर असं आमचं काम चालू आहे" म्हणून थांबतात, समोरच्याला कळतच नाही की आपल्याकडून काही हवंय.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी फोन किंवा समोरासमोर, मग वैयक्तिक मेसेज, आणि पाच-सहा जणांनी दिल्यावर मगच ग्रुपवर. ग्रुपवर टाकताना "आतापर्यंत एवढे जमले, अजून एवढे कमी आहेत" असं लिहायचं. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण, अगदी सहज, बरेच जण खरंच विसरलेले असतात. त्यानंतर पुन्हा नाही. पहिले दोन-तीन फोन तुम्ही शेजारी बसून करायला लावा, नुसतं शेजारी असणं पुरतं, मध्ये बोलू नका. माझ्या बघण्यात लोकांची भीती ट्रेनिंगने कमी होत नाही, पहिल्या होकाराने होते. आणि नकाराचीही तयारी करून घ्या. "सध्या अडचण आहे" म्हटलं की "अहो काही हरकत नाही, कधी अभ्यासिका बघायला या" एवढं बोलून विषय बदलायचा, बास. नातं आधी, देणगी नंतर. स्वयंसेवकाच्या मनात अजून एक भीती असते जी तो बोलत नाही, की आज मी मागितलं तर उद्या तो त्याच्या कामासाठी माझ्याकडे मागेल. हो, मागेल, आणि तेव्हा आपणही थोडं द्यावं, त्यात वाईट काय आहे.

निमित्त असलं की मागणं अजून सोपं होतं. मुंबई मॅरेथॉनचं बघा, २००४ पासून जानेवारीत होते, युनायटेड वे मुंबई या स्वयंसेवी संस्थेमार्फत इतर संस्था त्यात नोंदणी करतात आणि त्यांचे समर्थक धावताना आपापल्या ओळखीतून पैसे उभे करतात. त्यातले बरेचजण काही पट्टीचे धावपटू नसतात, पण ठरलेली तारीख असते, माणूस स्वतः काहीतरी कष्टाचं करणार असतो, आणि मित्रांना त्याला पाठिंबा द्यावासा वाटतो. तुम्हाला मुंबईला जायची गरज नाही. कोणी सायकलवर नाशिकहून पंढरपूरला जाणार असेल, कोणी पहिल्यांदा कळसूबाई चढणार असेल, तर त्यालाच जोडा. आणि आपल्या घरातली निमित्तं तर कितीतरी आहेत, वाढदिवस, वास्तुशांत, साठीशांत. पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" आपण छापतोच, त्याखाली एक ओळ घालता येते की द्यायचंच असेल तर या अभ्यासिकेला द्या. वडिलांच्या पुण्यतिथीला दरवर्षी ठरलेली रक्कम देणारी खूप कुटुंबं आहेत, तुमच्या स्वयंसेवकांच्या नात्यातही असतील, त्यांना फक्त कोणीतरी घरातल्याने सांगायला हवं.

आता पैशाची वाट, इथे अजिबात ढिलाई नको. पैसे थेट संस्थेच्या खात्यात, संस्थेच्याच क्यूआरवर. स्वयंसेवकाच्या स्वतःच्या गूगल पे वर घेऊन नंतर ट्रान्सफर करणं बंद करा, तो कितीही प्रामाणिक असला तरी. दोन महिन्यांनी कोणी विचारलं की माझे पाचशे पोचले का, तर त्या बिचाऱ्याची नात्यात मान खाली जायला नको, हे त्याच्या संरक्षणासाठी आहे. क्राउडफंडिंग प्लॅटफॉर्म (अनेकांकडून ऑनलाइन देणग्या जमवून देणारी वेबसाइट) वापरणार असाल तर ते किती टक्के कापतात आणि देणगीदाराकडे वेगळी टिप मागतात का ते आधी बघा आणि स्वयंसेवकाला सांगून ठेवा, कारण प्रश्न त्यालाच विचारला जाणार.

८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी संस्थेची नोंदणी, असेल तर देणगी आली त्याच दिवशी देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन मागून घ्या, मार्चमध्ये मागे लागायला जीव जातो. सवलत हवी असेल तर रोख २००० रुपयांच्या वर चालत नाही, वस्तू दिल्या तर त्यावर सवलत नाही, आणि नुसती पावती पुरत नाही, संस्थेने आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरण भरून जे प्रमाणपत्र निघतं ना, ज्याला सगळे १०बीई म्हणतात, ते वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत द्यावं लागतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, त्यामुळे पावतीवरचा मजकूर एकदा सीएकडून तपासून घ्या. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ही सवलत मिळतच नाही, त्यामुळे "टॅक्स वाचेल" हे आमिष म्हणून वापरू नका, उद्या खोटं ठरेल.

परदेशातल्या भावंडांबद्दल तर नक्की सांगून ठेवा, कारण यादीत न्यू जर्सीचा चुलतभाऊ असतोच. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत, मात्र पासपोर्टची कॉपी फाइलला ठेवा. पण तो अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, आणि इथल्या बँकेतून रुपयांत दिले तरीही, ती परदेशी देणगीच होते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. स्वयंसेवक उत्साहात त्यालाही क्यूआर पाठवतो आणि भानगड संस्थेच्या गळ्यात येते.

आभार कोणी मानायचे? दोघांनी. संस्थेची पावती जाईलच, पण स्वयंसेवकाने त्याच दिवशी स्वतः फोन किंवा व्हॉइस नोट पाठवायची, आणि दोन-तीन महिन्यांनी एक छोटी बातमी, वह्या आल्या, वाटल्या, एवढंच, सोबत काही न मागता. ती बातमी तयार करून द्यायचं काम तुमचं. मुलांचे फोटो पालकांना विचारूनच, आणि रडवेले, केविलवाणे चेहरे तर नकोतच, ती मुलं उद्या मोठी होऊन ते फोटो बघणार आहेत. वहीवरचं अक्षर, फळ्यावरचं गणित, याचा फोटो छान जातो.

आणि ज्याला मागायला खरंच जमत नाही त्याला सोडून द्या. सगळ्यांना सारखं टार्गेट देऊ नका, नाहीतर चांगला शिकवणारा माणूस यायचा बंद होईल. त्याला पावत्या सांभाळायला द्या, हिशोबाचा तक्ता द्या, ते कामही कोणीतरी करायलाच लागतं.

सुरुवात तीन-चार जणांना घेऊनच करा, तेही दोन-तीन आठवड्यांच्या ठरावीक मुदतीत. २ ते ८ ऑक्टोबरला दानोत्सव असतो, देशभर तेव्हा देण्याविषयी बोललं जातं, ते निमित्त धरलंत तर ऑगस्टअखेर चहाच्या बैठका उरकून घ्या म्हणजे सप्टेंबरमध्ये याद्या आणि मेसेज तयार होतील, फक्त गणपतीच्या दिवसांत फोन करू नका, तेव्हा सगळ्यांकडे वर्गणीवाले येऊन गेलेले असतात. तुमच्याकडे ८०जी आहे का आणि देणग्या सध्या कुठल्या खात्यावर घेता ते कमेंटमध्ये कळवलंत तर मेसेजचा आणि पावतीचा नमुना आमच्याकडचा देते.