घरबसल्या प्रमाणपत्र मिळतं का? आरपीएल आणि प्रौढशिक्षणाबद्दल वाचकांचे प्रश्न

कामावर, घरात किंवा स्वतःच्या धडपडीतून माणूस जे शिकतो, ते तपासून त्याला रीतसर मान्यता द्यायची, ही पूर्वशिक्षणाच्या मान्यतेची प्रक्रिया. बोलताना सगळे तिला आरपीएल म्हणतात. या विषयावरच्या पत्रांत विचारणारे बदलतात, गोंधळ मात्र तोच असतो. कुणाला हे अनुभवाचं बक्षीस वाटतं, कुणाला परीक्षेतून पळवाट. दोन्ही चूक. म्हणून या वेळी सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

प्रश्न : मी सोळा वर्षं वायरमनचं काम करतोय. एवढ्या अनुभवावर प्रमाणपत्र आपोआप मिळायला नको का?

नको. तिथे तपासतात ते शिकलेलं, घालवलेली वर्षं नाहीत. फ्रान्सचंच बघा. तिथे २००२ च्या कायद्याने अनुभवावरून पदवी-पदविका मिळवण्याची वाट खुली झाली, तेव्हा किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट होती. २०१६ मध्ये ती एका वर्षावर आली आणि पुढे तीही गेली. परीक्षक मंडळासमोर आपलं काम सिद्ध करून दाखवणं मात्र कुणाला चुकलेलं नाही. अर्ज भरण्याआधी तुमच्या कामाचे निकष मागवून घ्या आणि आरपीएल केंद्रातल्या मार्गदर्शकाबरोबर बसून वाचा.

प्रश्न : एका एजंटने सांगितलं, कामाचे फोटो पाठवा, पैसे भरा, दोन दिवसांत प्रमाणपत्र घरी येईल. परीक्षा नाही, पास होण्याची हमी. मित्राने घेतलंय म्हणे. घेऊ का?

घेऊ नका. निकालाची हमी मिळते तिथे मूल्यांकन झालेलंच नसतं, फक्त विक्री झालेली असते. मित्राने घेतलं असेल, पण ते कुठे चाललं का, हे त्याला विचारलंत का?

पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : प्रमाणपत्र देणारी संस्था कोणती, तिला मान्यता कुणाची आणि मूल्यांकन कोण करणार. मग ती मान्यता एजंटच्या पत्रकावर न बघता नियामकाच्या अधिकृत यादीत स्वतः तपासा. भारतात २०१८ साली स्थापन झालेली एनसीव्हीईटी ही परिषद प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यांकन करणाऱ्या संस्थांना मान्यता देते. इतर देशांत अशी वेगळी प्राधिकरणं असतात. यादीत नाव सापडलं नाही तर प्राधिकरणालाच लिहून विचारा. ‘आज शेवटची तारीख आहे’ असं एजंट म्हणाला, तर ती तारीख आनंदाने जाऊ द्या.

प्रश्न : सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. नऊ वर्षं मी त्यांचं सगळं केलं. आता रुग्णसेवेचं काम करायचंय, पण माझ्याकडे कागदाचा एक चिटोराही नाही. मला मान्यता मिळू शकते का?

मिळू शकते. घरी किंवा बिनपगारी शिकलेलं शिकलेलंच असतं, आणि चांगल्या व्यवस्था ते मोजतात. ‘मी काही फारसं केलेलं नाही’ असं म्हणून सुरुवात करू नका. पत्रात तुम्ही दोन ओळींत उरकलंय, पण दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीवर कुठे लाली येतेय का बघणं, औषधांच्या वेळा पाळणं, भरवताना ठसका लागू नये म्हणून उशाशी आधार देऊन बसवणं, हे सगळं तुम्ही केलं असणार. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या निकषात बसते.

युरोपीय संघाच्या परिषदेने २० डिसेंबर २०१२ च्या शिफारशीत या प्रक्रियेचे चार टप्पे सांगितले आहेत : काय येतं ते ओळखणं, त्याची नोंद करणं, मूल्यांकन आणि मग प्रमाणपत्र. तुमच्यासारख्यांचं घोडं बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर अडतं, कारण आपल्याला काय काय येतं हे स्वतःलाच मोजता येत नाही. म्हणून आधी मार्गदर्शक गाठा आणि त्याच्यासमोर एक अख्खा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, सांगून काढा.

पुराव्याचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या व्यवसाय-प्रशिक्षणात पुराव्याला चार कसोट्या लावतात. पुरावा नेमक्या त्या निकषाला धरून हवा, पुरेसा हवा, तुमचाच हवा आणि ताजा हवा. घरी येणाऱ्या डॉक्टरांचं किंवा नर्सचं पत्र, तुम्ही ठेवलेली औषधांची वही, तोंडी मुलाखत आणि प्रात्यक्षिक यांतून पहिल्या तिन्हींचं निभावतं. चौथी अवघड. सेवा थांबून बरीच वर्षं झाली असतील तर थोडं उजळणीचं प्रशिक्षण घ्यायला सांगतील. त्यात कमीपणा मानू नका. आजारी माणसाचे फोटो मात्र फाइलमध्ये लावू नका. आणि प्रमाणपत्र मिळालं म्हणजे इंजेक्शन देता येतं असं नाही; कोणती कामं परवान्याशिवाय करायची नाहीत हे तज्ज्ञांकडून नीट समजून घ्या.

प्रश्न : मूल्यांकन पूर्ण ऑनलाइन चालतं का?

माहिती तपासण्यापुरतं चालतं. हाताच्या कामाला चालत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेत आरपीएलचा निकाल सलग शंभर टक्के लागतो. निधी देणारे खूश आहेत. गुणवत्ता आणखी वाढवायची तर काय करावं?

आधी त्या शंभर टक्क्यांची काळजी करा. ज्या चाळणीतून सगळंच खाली पडतं तिला भोक पडलेलं असतं. अपवाद एकच. कच्च्या उमेदवारांना तुम्ही मार्गदर्शनाच्या टप्प्यावरच ‘अजून नको, आधी एवढं शिकून या’ म्हणून थांबवत असाल, तर उरलेले सगळे पास होतील आणि ते योग्यच. मग तो थांबवलेल्यांचा आकडा दाखवा. तुमच्या पत्रात तो नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि तो विचारला की संयोजक मंडळी घड्याळाकडे बघू लागतात. तुम्हाला निधी दर प्रमाणपत्रामागे मिळतो का? मूल्यमापकाचं मानधन निकालावर अवलंबून आहे का? शिकवणारा, मूल्यांकन करणारा आणि बिल लावणारा एकच आहे का? असेल, तर ‘अजून नाही’ हे उत्तर तुम्हाला परवडतच नाही. माणसं अप्रामाणिक असावी लागत नाहीत, एवढी रचनाच पुरते. म्हणून मूल्यमापक बाहेरचा हवा आणि निकाल काहीही लागो, त्याला मानधन तेवढंच हवं.

आता खुद्द मूल्यांकन. माझा सगळा राग तिथेच आहे, म्हणून थोडं लांबेल. वायरिंगचंच उदाहरण घ्या. फोटोत पूर्ण झालेला बोर्ड दिसतो. तो कुणी जोडला, का तसा जोडला, हे दिसत नाही. त्याऐवजी बिघाड असलेला बोर्ड समोर ठेवा आणि म्हणा, ‘चालू करा.’ कच्चा माणूस थेट स्क्रूड्रायव्हर उचलतो. बरा माणूस मेन बंद करतो, टेस्टर लावतो आणि कामाला लागतो. पक्का माणूस आधी तोच टेस्टर चालू पॉइंटवर लावून तो चालतोय याची खात्री करतो, मग बंद केलेली लाइन तपासतो, आणि नंतर पुन्हा चालू पॉइंटवर जाऊन मधल्या वेळात टेस्टरच बंद पडला नाही ना, ते बघतो. या पुढे-मागे जाण्याला अर्धं मिनिट लागतं. ते मूल्यमापकाच्या नजरेतून सुटलं तर तुमचं प्रमाणपत्र कुणाच्या तरी जिवाशी खेळतं. त्यावर साहजिक पुढचा प्रश्न असतो, ‘असं दोनदा का तपासलंत?’ तो विचारायला मूल्यमापकाला स्वतःला ते काम यावं लागतं, आणि शिवाय विचारायचं कसं याचंही प्रशिक्षण लागतं. नुसता जुना कारागीर किंवा नुसता पदवीधर परीक्षक, दोघेही अपुरे.

उलट बाजूची चूकही तेवढीच वाईट, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हात पक्का असलेला माणूस छापील पर्यायी प्रश्नांच्या पत्रिकेपुढे बसवला की गडबडतो. तुम्ही त्याचं वाचन तपासता आणि त्याला वायरिंगमध्ये नापास करता. त्याच्या भाषेत तोंडी विचारा. कामासाठी जेवढं वाचावं लागतं, म्हणजे वायरवर छापलेली जाडी, पाटीवरची धोक्याची सूचना, तेवढंच वाचायला लावा. निकष सैल करायला मी सांगत नाहीये. निकष दाखवण्याची वाट बदलायला सांगते आहे.

मग अधूनमधून एकाच उमेदवाराची फाइल आणि चित्रफीत दोन मूल्यमापकांना वेगवेगळी द्या. दोघांचे निकाल जुळत नसतील तर समोरासमोर बसून निकषाचा अर्थ एक करून घ्या. मतभेद लपवू नका, त्याची नोंद ठेवा. सहा महिन्यांनी प्रमाणपत्रधारकाला आणि त्याला काम देणाऱ्याला फोन करा. टाळ्यांचे फोटो असलेला अहवाल निधी देणाऱ्यांना पाठवता ना, त्यात हे घाला. आणि एकदा तरी बाहेरच्या गुणवत्ता-तज्ज्ञाला बोलावून सगळ्या फाइली त्याच्यापुढे ठेवा. त्याला कोणत्या दाखवायच्या ते तुम्ही निवडायचं नाही.

प्रश्न : माझं आरपीएल प्रमाणपत्र चौथ्या स्तराचं आहे. परदेशातही चौथा स्तरच धरतील ना?

आपोआप नाही. युरोपची पात्रता-चौकट, म्हणजे पात्रतांचे स्तर ठरवणारी रचना, २००८ पासून आठ स्तरांची आहे, भारताची २०१३ मध्ये आली तेव्हा दहा स्तरांची होती. आकडा सारखा म्हणून पात्रता सारखी होत नाही. ज्या देशात जायचं तिथल्या पात्रता-मूल्यांकन कार्यालयाला आणि नोकरी देणाऱ्याला विमानाचं तिकीट काढण्याआधी लेखी विचारा. परवाना लागणारा व्यवसाय असेल तर परवाना मंडळाला वेगळं विचारावं लागेल.

प्रश्न : मी प्रौढ साक्षरता वर्ग घेते. दोन महिन्यांत निम्मी माणसं गळतात. हजेरी वाढवण्यासाठी बक्षिसं ठेवू का?

बक्षीस संपलं की माणूसही जातो. युनेस्कोच्या २००९ च्या बेलेम (ब्राझील) इथल्या परिषदेने प्रौढशिक्षणासाठी धोरण, प्रशासन, निधी आणि सहभाग यांच्या बरोबरीने गुणवत्तेलाही स्वतंत्र जागा दिली, तरी अजून आपण हजेरीपटालाच गुणवत्ता समजतो.

गळालेल्यांपैकी काही जणांना भेटून का सोडलं ते विचारा, पण रागावल्यासारखं नको. कामाची पाळी बदलली, घरचं कुणी आजारी पडलं, अशी कारणं निघाली तर वेळ बदला किंवा त्यांना बुडालेला भाग नंतर भरून काढता येईल अशी सोय करा. ‘काही कळत नव्हतं’ किंवा ‘लाज वाटायची’ असं निघालं तर गाठ शिकवण्याशी आहे. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारलं होतंत का, की तुम्हाला वाचायला कशासाठी यायचंय? ज्या बाईला औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायचंय तिला तुम्ही ‘कमळ’ आणि ‘बदक’ गिरवायला लावलंत तर ती का थांबेल? शिवाय कुणाला अक्षरओळख आहे, कुणाला अजिबात नाही. सगळ्यांना एकाच पानावर ठेवलं की निम्मे कंटाळतात आणि निम्मे घाबरतात. वारंवार प्रयत्न करूनही एखाद्याला अक्षरं लागत नसतील, तर आळशी म्हणण्याआधी त्याची दृष्टी तपासून घ्या. प्रौढांना शिकवण्याचं प्रशिक्षण तुम्ही स्वतः घेतलं नसेल, तर पुढचा वर्ग सुरू करण्याआधी ते घ्या.

प्रश्न : सहा घटकांपैकी दोन घटकांत ‘अजून सक्षम नाही’ असा निकाल आला. मला तो अन्यायाचा वाटतो. याला सात महिने झाले. सगळी मेहनत वाया गेली का?

मेहनत वाया गेली नाही, वेळ मात्र घालवलात. बऱ्याच ठिकाणी पास झालेले घटक जमा राहतात आणि उरलेल्यांचंच पुन्हा मूल्यांकन होतं, पण त्यालाही मुदत असते. अपिलाची मुदत तर बहुधा याहून बरीच कमी असते. केंद्राला आजच लिहा आणि दोन गोष्टी मागा : कोणत्या निकषात आणि नेमका कोणता पुरावा कमी पडला याचं लेखी कारण, आणि अपिलाचा नियम. लेखी कारण दिलं नाही तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे जा. कारण पटलं तर अपील सोडून द्या, त्या दोन घटकांपुरतं प्रशिक्षण घ्या. सगळा कोर्स पहिल्यापासून करायला कुणी सांगितलं, तर फी कुणाच्या खिशात जाते ते बघा. आणि तुमच्या पुराव्यांची प्रत मागून घ्या, पुढच्या अर्जाला लागेल.