पेपर टाकण्याआधी लॅपटॉपचं बघा

तुमची पोस्ट वाचली. 2021 पासून साताऱ्यातून काम, आणि आता पाचही दिवस पुण्याच्या हिंजवडीतल्या ऑफिसात या असा मेल. वडिलांचं डायलिसिस चालू, म्हणून सोमवारी पेपर टाकणार, म्हणजे राजीनामा देणार म्हणता. मी सांगलीहून याच वाटेने गेले आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

नोकरी सोडावी की नाही, यात मी पडणार नाही. पण सोमवारी घाई नको. नोटीस पिरियड घरून करू देणार का, हे मॅनेजर आणि एचआर दोघांकडून आधी मेलवर घ्या. "बघू, ॲडजस्ट करू" हे फोनवरचं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही, आणि घरून केलेले दिवस गैरहजेरीत जातात.

मला सगळ्यात महागात पडला तो कंपनीचा लॅपटॉप. कंपनीच्या सामानाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲसेट विभागाने सांगितलं, कुरिअर करा. केला, पोचल्याची पावतीही आली. पण तो परत मिळाल्याची नोंद त्यांच्या सिस्टिममध्ये कोणी करेना. नोंद नाही म्हणून नो ड्यूज (काही येणं बाकी नसल्याचा दाखला) नाही, नो ड्यूज नाही म्हणून रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र नाही. ॲसेटवाले एचआरकडे बोट दाखवणार, एचआर म्हणणार तिकीट टाका, म्हणजे कंपनीच्या सिस्टिममध्ये तक्रार नोंदवा. अहो, शेवटच्या दिवशी लॉगिनच बंद केलंत, तिकीट टाकू कुठून? नव्या कंपनीचं व्हेरिफिकेशन त्या एका कागदापायी अडलं आणि त्यांनी ऑफर मागे घेतली. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला असं टोलवतात, याचा आजही संताप येतो.

तेव्हा एक दिवस मोडला तरी चालेल, लॅपटॉप स्वतः नेऊन द्या. सिरियल नंबर, चार्जर, तारीख, सही, शिक्का, सगळं असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) लॉगिन चालू आहे तोवरच उतरवून घ्या.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारण सलग 5 वर्षं लागतात आणि नोटीसचे दिवसही नोकरीतच धरतात, तेव्हा रुजू झाल्याची तारीख काढून हिशेब करा. थोडक्यासाठी हुकत असेल तर माझ्या मते थांबावं. पीएफ काढू नका, ट्रान्स्फर करा. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर आपली आपल्याला भरता येते; आधारला मोबाइल जोडलेला हवा.

मी वकील नाही, कंपनीगणिक नियमही बदलतात. अपॉइंटमेंट लेटरमध्ये कामाचं ठिकाण काय लिहिलंय? पुणे असेल तर भांडायला फारशी जागा नाही. दुसरं काही असेल तर इथे सांगा, मग पुढचं बोलू.