दाभोळच्या खाडीत कयाक न्यायची तर आधी पंचांग उघडा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही सांगलीचे तिघे मित्र. कृष्णेत होडी वल्हवलेली आहे, पोहायला उत्तम येतं. डिसेंबरात दाभोळच्या खाडीत कयाकिंग करायचं आहे. सामान काय न्यावं, आणि कयाक हवेची घ्यावी की कडक?"

सामानाचं खाली येतो. पण "कृष्णेत वल्हवलेली आहे, पोहायला उत्तम येतं" हे वाचलं आणि राहवलं नाही. हा वाद आमच्याकडं घाटावर जुना आहे. होड्यांच्या शर्यतीतले गडी म्हणतात, दंडात जोर असला की पाणी कुठलंही असू दे. मी म्हणतो, खाडीत दंडाला कोण विचारतो? तिथं घड्याळ चालतं.

नदीची सवय काय असते? दमायच्या आधी वर जायचं, येताना धार आणून सोडते. खाडीत धार साधारण सव्वासहा तासांनी तोंड फिरवते. बरं, ती एकसारखीही वाहत नाही. भरती-ओहोटीतला फरक दोन मीटर धरा. पहिल्या तासात पाणी त्याच्या बाराव्या भागाएवढं, म्हणजे जेमतेम १७ सेंटिमीटर उतरतं. दुसऱ्या तासात ३३. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र अर्धा-अर्धा मीटर. मग परत ३३ आणि १७. म्हणून पहिल्या तासात "काय नाही हो, शांत आहे" म्हणणारा तिसऱ्या तासात अडकतो. नवखा माणूस तासाला चार किलोमीटर वल्हवतो. समोरून तीनची धार आली की उरतो एक किलोमीटर, आणि तोही हात थांबला नाही तर.

आमच्या ओळखीतल्या दोघांचं हेच झालं. दोघंही पट्टीचे पोहणारे. भरतीला मुख्य खाडीतून एका अरुंद फाट्यात शिरले, कांदळवनात फोटो काढत बसले, आणि ओहोटीच्या तिसऱ्या तासाला परत निघाले. फाट्याचं तोंड उंच असतं, आतला भाग खोल. त्यामुळं आत अजून पाणी दिसतं, पण तोंडाशी चिखल उघडा पडलेला असतो. एकानं उतरून कयाक ओढायची ठरवली. पहिला पाय गुडघ्यापर्यंत, दुसरा मांडीपर्यंत. चप्पल खालीच राहिली. चिखलातल्या कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय फाटला. अशा वेळी पाय उपसायला जोर लावला की दुसरा पाय आणखी रुततो. कयाकच्या पाठीवर छाती टाकून आडवं व्हायचं आणि पाय टाच वर करून हळूहळू सोडवायचे. शेवटी दोघं भरती परत येईपर्यंत उन्हात बसून राहिले. पाणी एकच बाटली. पोहणं कुठं कामाला आलं?

म्हणून दिवस ठरवताना तिथी बघा. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं आणि अमावास्या पंधरा धरायची. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतं, त्यामुळं जवळच्या बंदराचा भरतीचा तक्ता बघायचाच. पण तक्त्यात चूक तारीख उघडली तर ती लगेच पकडता येते ती या हिशोबानं.

आता गंमत बघा. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, धार मवाळ. पण ओहोटी तळाला पोचते ऐन दुपारी बाराला, म्हणजे सकाळभर पाणी उतरतच असतं. पौर्णिमा-अमावास्येला वेळ सोयीची, पण उधाण, धार जोरकस. नवख्यांनी द्वादशी-त्रयोदशी धरावी. भरती नऊ-पावणेदहाला येते, उधाणाचा पुरता जोर अजून आलेला नसतो. सातला उजाडलं की उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, पाणी ठेपलं, म्हणजे चढायचं थांबलं, की वळायचं आणि ओहोटीच्या पहिल्या दीड-दोन तासांत बाहेर. मुखाकडं जायचं नाही, चिपळूणच्या बाजूला जायचं. चढत्या पाण्यात वल्हं हातातून सुटलं तरी धार तुम्हाला खाडीत आत नेते. उतरत्या पाण्यात समुद्राकडं.

तक्त्यातली वेळ बंदराची असते. वर, गोवळकोटकडं भरती तासाभराहून जास्त उशिरा पोचते. शिवाय या खाडीत येणाऱ्या वाशिष्ठी नदीला कोयनेचं अवजल येऊन मिळतं. आपल्या साताऱ्याचंच पाणी, पोफळीच्या बाजूला वीज करून खाली सोडलेलं. वीजनिर्मिती जोरात असली की वरच्या टप्प्यात धार भरतीच्या तक्त्याला जुमानत नाही. तिथल्या होडीवाल्याला "आज पाणी कधी ठेपेल?" एवढंच विचारा. त्याचं उत्तर आणि मोबाइलचं उत्तर वेगळं आलं तर होडीवाल्याचं धरा.

दुसरं घड्याळ वाऱ्याचं. अकरा-बारानंतर पश्चिमेचा खारा वारा सुटतो. बाहेर जाणारी ओहोटी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्याच पाण्यात सकाळी आरसा होता यावर विश्वास बसत नाही. साडेअकराला काठावर.

सामान. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, अंगावर. कयाकला बांधून नव्हे. पट्टे आवळल्यावर मागून कुणीतरी खांद्याला धरून वर ओढावं. जॅकेट कानाला लागलं तर सैल आहे. त्याला शिट्टी बांधा. माणशी तीन लिटर पाणी, तिघांत एक जादा वल्हं, दहा-बारा मीटर तरंगणारा दोर, छोटी सुरी (जाळ्यात अडकलात तर कापायला), पाणी उपसायला कापलेला प्लास्टिकचा डबा आणि स्पंज. पायात बंद, नाडीचे जुने बूट. गमबूट चिखलात पाय सोडतो आणि आत पाणी भरतं. मोबाइल ड्राय बॅगमध्ये, बॅग कयाकला अडकवून.

खाडीत मच्छीमारांचे जाळ्याचे खुंट असतात. धार त्यांच्यावर आडवी नेऊन टेकवते, आणि माणूस घाबरून खुंटापासून लांब कलतो. तसं केलं की वरच्या बाजूचं पाणी कयाकवर चढतं आणि ती उलटते. उलट खुंटाकडं कला, त्याला धरा, मग पुढं सरका. दाभोळ-धोपावे फेरीबोट तुमच्यासाठी थांबणार नाही. तिच्या मागून जायचं.

आता कयाक. माझं मत: कडक, वर बसायची, तिथंच भाड्यानं मिळाली तर उत्तम. उतरण्याआधी मागचं, आतलं पाणी काढायचं बूच हातानं आवळून बघा. लोक हेच विसरतात आणि मग कयाक जड का लागते म्हणून वल्ह्याला शिव्या घालतात. हवेची डिकीत मावते, हा तिचा मोठा गुण. पण कालवं तिला कापतात आणि वारा तिला ढकलतो. नेलीच तर काठावरच्या उन्हात पूर्ण फुगवू नका, शिवण उसवते. पाण्यात टाकून थंड झाली की उरलेली हवा भरा. स्वतःची कडक नेणार असाल तर कुंभार्ली घाटाआधी पाटणला एकदा गाडीच्या टपावरचे पट्टे तपासा. लवचिक हुकाचे दोर नकोत, विणलेले पट्टेच. पण फार आवळून दिवसभर उन्हात ठेवली तर तळाला खळगा पडतो. परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, स्क्रू गंजतात.

हे सगळं ऑक्टोबरअखेर ते मे. पावसाळ्यात विचारूसुद्धा नका. वाशिष्ठीत मगरी आहेत. तुम्ही भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यातलं ऐकलेलं असेलच. थंडीत त्या चिखलाच्या काठावर उन्हाला येतात. काठापासून लांब राहा, हातपाय पाण्यात सोडून बसू नका. जेटीवरून उतरायला परवानगी लागते का, तेही तिथं विचारून घ्या.

आणि पोहण्याचं. जायच्या आधी जलतरण तलावात, जॅकेट घालून, कयाक मुद्दाम उलटवून परत चढून बघा. शेततळ्यात करू नका, तिथला प्लास्टिकचा कागद बाहेर येऊ देत नाही. वल्हं न सोडता, पोटावर आडवं पडून, पाय मारत वर यायचं. तिघांतला जो कुणी तीनदा करूनही चढू शकला नाही, त्यानं दाभोळला फेरीबोटीतून खाडी बघावी. शर्यतीत त्याचा पहिला नंबर आलेला असला तरी.