कोळसा पट्ट्यातला रस्ता : निधी मागण्याआधी रस्ता कोणाचा ते कागदावर घ्या (मोठं उत्तर आहे)

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. वणीकडचं गाव, कोळशाच्या टिप्परांनी (मोठ्या ट्रकांनी) फोडलेला रस्ता, एसटी बंद, पोरं चिखलातून पायी शाळेत, आणि ज्या ऑफिसात जावं तिथे एकच उत्तर, निधी नाही. नदीच्या अलीकडे, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात आम्ही हेच भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. अर्ज, पोच, ग्रामसभेचा ठराव हे सगळं तुम्ही केलंच असेल, ते सोडून देतो.

आधी ते 'निधी नाही' मनातून काढा. २०१५ मध्ये खाण कायद्यात बदल झाला आणि खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, म्हणजे खाणबाधित लोकांसाठी खाणींकडून पैसा गोळा करणारी संस्था, त्यालाच पुढे खनिज निधी म्हणतो. १२ जानेवारी २०१५ च्या आधीचे जे खाणपट्टे आहेत त्यांनी रॉयल्टी (सरकारला द्यायचा खनिजाचा मोबदला) तर भरायचीच, वर रॉयल्टीच्या ३० टक्के एवढी रक्कम या प्रतिष्ठानात भरायची, आणि नंतर लिलावात गेलेल्या खाणींनी १० टक्के. कोळशावर रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के, म्हणजे जुन्या खाणीतून शंभर रुपयांचा कोळसा निघाला की त्यामागे चार रुपये वीस पैसे खाणीची झळ बसलेल्या लोकांसाठी. आपल्या पट्ट्यातून रोज किती कोळसा जातो ते तुम्ही बघताच. तर पैसा आहे, तो तुमच्या रस्त्यापर्यंत का पोचत नाही हा खरा प्रश्न.

आमचा पैसा एका ऑफिसमुळे अडला. नाव घेत नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं. आमच्या रस्त्याचा दर्जा मधल्या काळात वाढला होता आणि तो एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेला होता, निदान कागदावर. जुनं खातं म्हणायचं रस्ता आता आमच्याकडे नाही, आणि हे ऑफिस म्हणायचं आमच्या रजिस्टरला अजून चढलेला नाही. सगळं तोंडी! लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगला, बाबू रजेवर, 'वरून विचारून सांगतो'. आणि रस्ता कोणाचाच नसेल तर अंदाजपत्रक कोण करणार, तांत्रिक मान्यता कोण देणार? ती नसली की खनिज निधीच्या वार्षिक आराखड्यात प्रस्ताव जातच नाही. तसाच आमचा आराखडा निघून गेला, दुसऱ्या गावांची कामं मंजूर झाली, आणि आमच्याकडे त्या पावसाळ्यात बाळंतपणाची बाई बैलगाडीत घालून मेन रोडपर्यंत न्यावी लागली. अजून आठवलं की संताप येतो, कारण अडलं होतं ते एका नोंदीवर, पैशावर नाही.

सुटलं ते माहितीच्या अधिकारामुळे. निधी का नाही असं विचारत बसू नका, त्याचं गोलमाल उत्तर येतं. विचारा की अमुक रस्ता सध्या कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, कोणत्या आदेशाने वर्ग झाला, आदेशाची प्रत आणि रस्ता नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत द्या. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेवढं पाळा, नाही तर त्याच कारणाने परत येतो. माहिती त्यांच्याकडे नसेल तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत अर्ज योग्य ऑफिसकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, म्हणजे तुम्हाला इकडून तिकडे फिरवणं बंद होतं.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. मी इंजिनिअर नाही, वकील पण नाही, आणि नियम बदलत असतात तेव्हा चालू जीआर बघूनच पुढे जा. टिप्पर चालायचा रस्ता खनिज निधीतून करून घेऊ नका! तो निधी म्हणजे तुमच्या पोरांच्या फुफ्फुसात गेलेल्या धुळीची भरपाई आहे, त्यातून कोळसा वाहणाऱ्यांना रस्ता बांधून द्यायचा? या निधीच्या २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निदान ७० टक्के खर्च पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण असल्या गोष्टींवर व्हायला पाहिजे, आधी हे ६० टक्के होतं. रस्ते-पूल उरलेल्या भागात येतात, म्हणजे तुमचा रस्ता मुळातच छोट्या वाट्यासाठी भांडतोय. तो वाटा गावाच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या रस्त्यासाठी मागा. कोळशाची वाहतूक कंपनीने स्वतःच्या खर्चाने वेगळ्या रस्त्याने न्यावी किंवा रेल्वे सायडिंगपर्यंत (मालगाडी भरायच्या जागेपर्यंत) कन्व्हेयर पट्टा टाकावा. खाणीच्या पर्यावरण मंजुरीचं पत्र केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर शोधा, त्यात वाहतुकीबद्दल अटी असतात, ताडपत्री, पाणी मारणं, काही ठिकाणी वेगळा रस्ता पण. दर सहा महिन्यांनी कंपनीला त्या अटींचा अहवाल द्यावा लागतो, तो मागून घ्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

आणि 'रस्ता करून देतो' म्हणाले तर कोणता ते विचारा. गावचा रस्ता हलक्या वाहतुकीच्या हिशोबाने बांधतात. एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट होतं, आणि २०१८ मध्ये तर केंद्राने चार चाकांच्या सिंगल एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. त्यात आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली नीट मुरूम नाही, बाजूला नाली नाही आणि वर नुसता डांबराचा थर, असा रस्ता पहिल्याच पावसात उखडतो आणि मग ठेकेदार म्हणतो ओव्हरलोड गाड्यांनी फोडला. काम ग्राम सडक योजनेतलं असेल तर पाच वर्षं दुरुस्ती ठेकेदाराकडेच असते, तसं लिहिलेला बोर्ड गावाच्या तोंडाशी आहे का बघा, फोटो काढून ठेवा.

अजून एक, तुमचं गाव खनिज निधीच्या बाधित गावांच्या यादीत आहे का? नव्या सूचनांप्रमाणे खाणीपासून १५ किमीपर्यंत थेट बाधित आणि २५ किमीपर्यंत अप्रत्यक्ष. यादीत नाव नसेल तर आधी त्यासाठी अर्ज करा, बाकी सगळं नंतर. आणि जेई (कनिष्ठ अभियंता) रस्त्याच्या मोजमापाला आला की गावातले दोन-चार जण टेप घेऊन सोबत उभे राहा, लांबी कमी लिहून घेतल्याची प्रकरणं आमच्याकडे झालीत.

रस्त्याचा नंबर आणि तो कुठून कुठे जातो तेवढं इथे टाका, माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मी करून देतो.