ड्रॅग रेसला (थोड्या अंतराच्या सरळ रस्त्यावरची शर्यत) गाडी सुटताना पुढची चाकं जागीच फिरतात, पकड कशी वाढवू?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हे होणारच. सुटताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी पडतात. पुढच्या टायरमधली हवा दोन-तीन पीएसआय कमी करून बघा, मागची आहे तेवढीच राहू द्या. पण रेससाठी मुंबईहून घाट चढून लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीला पोहोचलात की टायर तापलेले असतात. ते गार झाल्यावरच हवा मोजा.

साध्या टायरला पाण्यातला बर्नआउट, म्हणजे ओल्या जागी चाक जागीच फिरवून टायर तापवणं, नको. खाचांत पाणी राहतं आणि नेमकं सुटताना टायरखाली येतं. कोरड्यावर जरा चाक फिरवून धूळ-खडी उडाली की पुरे. सुटताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कमी ठेवा, क्लच एकदम सोडू नका. टायर जुना होऊन कडक झाला असेल तर मात्र हे सगळं फुकट. आणि परतताना, एक्स्प्रेसवेला लागण्याआधी हवा भरून घ्या.